ब्लोहोल

लाल रंग घासला तर खाली हिरवा,
हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली
पांढऱ्या गोलात अर्धा पुसलेला सतरा.
सुलेमाननं पॉलिशपेपर थांबवला,
हाक मारली, "मिस्त्री, गाडीला गोंदण हाय."

उद्यमनगरातलं शेड. एका अंगाला मोटारपंपांची कवचं,
दुसऱ्या अंगाला ऊस-चरकाचे झिजलेले रूळ,
मधे ही अमेरिकेची, डावीकडं स्टिअरिंग,
बसकी, नाक जमिनीला लावून
माग काढणाऱ्या कुत्रीसारखी.

मी पॅटर्नमेकर. लाकडात उलटं बघायचा धंदा.
माझ्याकडं फक्त पाण्याचा पंप आला,
तडकलेला, गोणपाटात गुंडाळून.
"असाच दुसरा ओत," म्हणाले,
"तिकडनं मागवायचा तर वर्ष जातंय."

शोलावरमची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ:
नेर्लीकर सरकार पुढं, फेऱ्या राहिल्या दोन,
मद्रासचे, बंगलोरचे सगळे मागं धुरात,
आणि बॉनेटमधनं वाफ.
जुन्या धावपट्टीवर गाडी
उतू गेलेल्या चहासारखी थांबली.
बाबालाल शिकलगारनं नट आवळला नव्हता, असं ठरलं.
कुणी ठरवलं ते गोष्टीत नाही.
परतीच्या वाटेवर गुंटकलला त्याला उतरवलं,
हातातला पाना काढून घेऊन.
पुढं तो भवानी मंडपामागच्या बोळात
सायकलींची पंक्चरं काढत म्हातारा झाला.
नट आवळला की दोनदा बघायचा,
तिसऱ्यांदा डोळे मिटून, बोटानं.

मी पंप कापला. भिंतीचं माप घ्यायला कापावाच लागतो.
तडा जिथनं सुटला होता तिथं, लोखंडाच्या पोटात,
ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी.
आतनं गुळगुळीत, चकचकीत,
जन्मल्यापासनं हात न लागलेली.
ब्लोहोल. आमच्यात रोजचा शब्द.
नटाचा काही संबंध नव्हता.
अमेरिकेत कुठल्या तरी भट्टीवर, कुठल्या तरी सोमवारी,
वाळू जरा ओली राहिली असणार.
एक बुडबुडा निघायचा राहिला,
लोखंडात बसून समुद्र ओलांडून आला
आणि मद्रासच्या उन्हात फुटला.
त्या ओतणाऱ्याला मी शिवी दिली नाही.
माझीबी वाळू ओली राहिलीय की कधी कधी.

नवा पंप सागवानी पॅटर्नवर. दोन फेकले, तिसरा लागला.

सरकार आता ऐंशीच्या पुढं, कानानं गेलेले.
नागाळा पार्कातनं आले. इंजिन सुरू केलं.
ऐकू येत नाही म्हणून मडगार्डवर तळहात ठेवला,
बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.
हसले.
तेव्हा मी त्यांच्या दुसऱ्या हातात
जुन्या पंपाचा कापलेला तुकडा दिला.
ओरडून सांगायची गोष्ट नव्हती.
त्यांनी करंगळी लावली. नख तेवढं आत गेलं.
बराच वेळ तिथंच राहिलं.
पेट्रोल जळत होतं, नातू घड्याळ बघत होता.

"बाबालाल?"
मी बोटानं वर दाखवलं.
"मग घर?"

रविवारी रंकाळ्याला एक फेरी ठरलेली,
पेपरवाले कॅमेरे घेऊन तिकडं थांबले.
गाडी मंडपामागच्या बोळात शिरली,
म्हणजे नाक तेवढं शिरलं.
बाबालालची लेक शमशाद दारात, हातात दुधाची पिशवी.
सरकार उतरले, चालत गेले,
तुकडा तिच्या हातात ठेवला आणि तसेच उभे राहिले,
पायातल्या चपला काढून.
तिनं तो उलटा केला, सुलटा केला,
माझ्याकडं बघून विचारलं, "भंगार हाय काय हो?"
मी सांगायला तोंड उघडलं.
पण सतरा नंबर चालूच होती, आणि बोळ एवढा अरुंद
की दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.